सगळे गेम एकाच पोत्यात भरू नका

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत पोरं गेम खेळून कशी वाया जायलेत त्यावर पानभर आलं होतं. वाचलं, पुष्कळ खरंय, माझा भाचा जेवताना पण मोबाईल खाली ठेवत नाही. पण सगळे गेम एकाच पोत्यात भरले ते काही पटलं नाही, म्हणून हे पत्र.

मी परभणीचा. कॉलेजात असताना इथल्या एका नेट कॅफेत क्रोनो ट्रिगर नावाचा जपानी गेम हाती लागला, १९९५ चा, म्हणजे तेव्हाच दहा वर्षं जुना. लोडशेडिंगचे दिवस होते, लाईट कधी जाईल नेम नाही, त्यामुळं दर पाच मिनिटाला सेव्ह करायची जी सवय लागली ती आजपण एक्सेल उघडलं की हाताला आहेच. गेम चोरट्या कॉपीवर फुकटात खेळलो, खोटं काहून बोलू, २०१८ ला पीसीवर अधिकृतपणे आला तेव्हा मात्र पैसे देऊन घेतला.

सुरुवातीला एक जत्रा आहे. एका पोरीला धक्का लागतो, तिचं लॉकेट पडतं. बाजूला एका म्हाताऱ्याचा डबा ठेवलेला, तो खाल्ला की आपली ताकद भरून येते, मग कोण सोडतंय, मी खाल्ला. एका लहान पोरीचं मांजर हरवलेलं, त्याच्याकडं कोण बघणार. पुढं दोनतीन तासांनी राजकन्येला पळवून नेलं म्हणून आपल्यावरच खटला उभा राहतो, ती लॉकेटवाली पोरगीच राजकन्या निघते, आणि कोर्टात साक्षीला कोण, तर तो डबेवाला म्हातारा! लॉकेट आधी उचललं का आधी पोरीची विचारपूस केली, हे पण निघतं तिथं. मी खुर्चीत गार पडलो राव. बरं, निर्दोष ठरलात तरी प्रधान तुरुंगात टाकतोच, म्हणजे तिथलं कामकाज पण आपल्यासारखंच.

बनवणारी माणसं साधी नव्हती. फायनल फँटसी या गाजलेल्या गेमचे साकागुची, तशाच ड्रॅगन क्वेस्ट गेमचे युजी होरी, आणि चित्रं ड्रॅगन बॉल कॉमिकवाल्या अकिरा तोरियामांची, जे २०२४ मध्ये गेले. त्या काळी अशा गेममधी चालता चालता एकदम स्क्रीन बदलायचा आणि कुठून तरी शत्रू टपकायचे, इथं ते समोर फिरताना दिसतात, लढाई बहुतेक त्याच जागेवर होते, दोघातिघांनी मिळून एकच वार करता येतो. एकदा संपवला की कमावलेली ताकद घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येतो, न्यू गेम प्लस म्हणतात ते नाव इथूनच आलं. आणि शेवटचा राक्षस लाव्होस, त्याला कधी मारताय त्यावरून शेवट बदलतो, असे दहाच्या वर शेवट आहेत. मी निम्मेच बघितलेत. गाणी संगीतकार मित्सुदांची, त्याबद्दल लिहायला बसलो तर तुमचं पान पुरणार नाही.

पण खरं सांगायचं ते रोबोचं, म्हणजे गेममधी आपल्यासोबत फिरणाऱ्या यंत्रमानवाचं. या गेममधी टाइम मशीननं वेगवेगळ्या काळात जाता येतं. इसवी सन ६०० मधी एक बाई वाळवंटात झाडं लावायचं म्हणते, तिच्या मदतीला आपला रोबो मागं थांबतो. आपण टाइम मशीननं सन १००० ला जातो, आपल्याला लागतो एक मिनिट, त्याला लागतात ४०० वर्षं. तिथं पोचलो की सगळं जंगल, आणि मधल्या देवळात गंजून बंद पडलेला रोबो. २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आणलं त्या उन्हाळ्यात आमच्या बांधावरचे बारापैकी नऊ आंबे वाळले. त्याच उन्हाळ्यात मी हा भाग मोबाईलवर दुसऱ्यांदा खेळत होतो, आणि वडील बाजूला बसून विचारत होते की एवढं काय बघायलास त्या मोबाईलमधी. सांगितलं तर म्हणले, पाणी कुठून आणलं रे त्यानं?

तुम्ही दर शुक्रवारी नव्या पिक्चरला स्टार देता, तसा महिन्यातून एखाद्या गेमवर कॉलम द्या की. लिहिणारा मिळत नसंल तर मी आहेच, मानधन नको.

परवा भाच्याला हाच गेम लावून दिला. जत्रेत शिरला की पहिलं म्हाताऱ्याचा डबा खाऊन मोकळा झाला. मी काही बोललो नाही.

आपला,
एक जुना वाचक, परभणी