मागे ठेवलेल्या बॅगांची यादी प्रवाशाला का मिळत नाही?

महोदय,

अतिलांब पल्ल्याच्या नव्या विनाथांबा विमानसेवांवरील लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. सिडनीहून लंडन आणि न्यूयॉर्कला जाऊ घातलेल्या, बावीस तासांपर्यंत हवेत राहू शकणाऱ्या विमानांत पाय मोकळे करण्यासाठी राखलेली जागा, सिंगापूर-न्यूयॉर्क विमानातील ऐसपैस आसने, जेवणाच्या वेळा, झोपेसाठी मंद होत जाणारे दिवे या सगळ्याचे त्यात सविस्तर वर्णन आहे. प्रवाशाच्या सामानाबद्दल मात्र पूर्ण पानभर मजकुरात एकही वाक्य नाही. याचे वाईट वाटले आणि रागही आला, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ज्या विमानांचे लेखात कौतुक आहे, ती मुळातच कमी माणसे नेणारी आहेत. सिंगापूर-न्यूयॉर्क मार्गावर २०१८ पासून धावणाऱ्या एअरबस ए-३५०-९००च्या खास आवृत्तीत १६१ आसने आहेत आणि साधा इकॉनॉमी वर्ग त्यात ठेवलेलाच नाही. सिडनीच्या विमानातही २३८ आसनेच असतील. त्याच जातीच्या विमानात इतर कंपन्या तीनशेहून अधिक माणसे बसवतात. यामागे प्रवाशांच्या सुखाइतकेच वजनाचे गणित आहे. सिंगापूरच्या त्या विमानाच्या टाक्यांत १ लाख ६५ हजार लिटर इंधन मावते. टाक्या पूर्ण भरल्या तर २८० टनांच्या कमाल वजनापैकी जवळजवळ निम्मे वजन इंधनाचेच होते, आणि उरलेल्या वजनात विमान, माणसे, जेवण, पाणी आणि बॅगा बसवायच्या असतात. आपल्याकडून अमेरिकेला पंधरा-सोळा तास उडणाऱ्या विमानांत आसने अशी कमी केलेली नसतात. इकॉनॉमी वर्ग शेवटच्या रांगेपर्यंत भरलेला असतो आणि माणशी दोन-दोन जड बॅगा असतात. हिवाळ्यात पश्चिमेकडे जाताना समोरचा वारा जोरात असला की जास्त इंधन घ्यावे लागते. पाकिस्तानने एप्रिल २०२५मध्ये भारतीय विमानांना आकाश बंद केल्यावर तर उत्तर भारतातून निघणाऱ्या काही विमानांना वाटेत व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधनासाठी उतरावे लागले. वजन कमी करायचे ठरले की तिकीट काढलेल्या माणसाला उतरवणे कंपनीला अवघड जाते, त्यामुळे बॅगा उतरवल्या जातात.

आमच्या बाबतीत हेच घडले. गेल्या जानेवारीत मुलीच्या बाळंतपणानंतर मी आणि माझे यजमान मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील शहरात विनाथांबा विमानाने गेलो. बाळाचे बारसे दोन दिवसांवर आले होते. एका बॅगेत बाळंतविडा होता: दुपटी, टोपरी, अंगडी, डिंकाचे लाडू, आणि माझ्या आईच्या जुन्या लुगड्यांची मी स्वतः धावदोरा घालून शिवलेली गोधडी. यजमानांचा जाड कोटही त्याच बॅगेत होता. बाकीच्या बॅगांत मसाले, लोणची, स्टीलचे डबे, मुलीची पुस्तके असे सामान होते. उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याजवळ आम्ही तासाहून अधिक वेळ उभे राहिलो. विमानातून आलेली बरीच कुटुंबे तशीच उभी होती. त्यांत व्हीलचेअरवरची वयस्कर माणसे होती आणि कडेवर झोपलेली मुले घेतलेल्या आयाही होत्या. पट्टा थांबला, दिवा विझला, तरी बाळंतविड्याची बॅग आली नाही, तेव्हा कोणीतरी काउंटरकडे जा म्हणून सांगितले.

काउंटरवरील मुलीने बोर्डिंग पासामागे चिकटवलेल्या टॅगचा क्रमांक पाहिला, समोरच्या छापील कागदावर पेन फिरवले आणि आमच्या क्रमांकापुढे निळी खूण केली. बॅग मुंबईतच आहे, एवढेच ती म्हणाली. तो कागद मी नीट पाहिला. त्यावर टॅगचे क्रमांक आणि आडनावे ओळीने छापलेली होती आणि वरच्या कोपऱ्यात छपाईची वेळ होती. आमचे विमान मुंबईहून सुटल्यानंतर थोड्याच वेळातली ती वेळ होती. याचा अर्थ, आम्ही अजून अरबी समुद्रही ओलांडला नव्हता तेव्हा आमची बॅग मागे ठेवल्याचे कंपनीला नावानिशी ठाऊक होते. त्यानंतर पंधरा तासांहून अधिक वेळ आम्ही त्यांच्याच विमानात, त्यांच्याच कर्मचाऱ्यांसमोर बसून होतो. कोणीही काही सांगितले नाही. ती मुलगी नम्र होती आणि तिच्यावर माझा राग नाही. राग आहे तो ज्यांनी ही यादी छापून तिच्या हाती दिली आणि आमच्यापासून मात्र लपवली, त्यांच्यावर.

वजन कमी करणे गरजेचे असेल तर ते केलेच पाहिजे. सुरक्षिततेशी तडजोड करा असे कोणताही शहाणा प्रवासी म्हणणार नाही. परंतु हा निर्णय विमान सुटण्यापूर्वी होतो. दार बंद होण्याआधी कॅप्टनसमोर वजनाचा तक्ता येतो आणि त्यात बॅगांचे वजन असते. १९८५मध्ये एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ विमानात, मालक न चढलेल्या बॅगेतील बॉम्ब फुटला, त्यानंतर प्रत्येक बॅग तिच्या मालकाशी जुळवून पाहण्याची शिस्त जगभर लागली. विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ठराव क्रमांक ७५३नुसार जून २०१८पासून बॅग स्वीकारताना, विमानात चढवताना, एका विमानातून दुसऱ्यात नेताना आणि प्रवाशाच्या हाती देताना तिची नोंद ठेवणे सदस्य कंपन्यांवर बंधनकारक आहे. नोंद असेल तर निरोप पाठवणे कठीण नाही. तिकिटाची जाहिरात मोबाइलवर दिवसातून दोनदा येते. तिथेच बॅग मागे राहिल्याचे एका ओळीत कळवता आले असते.

त्याहूनही महत्त्वाचा मुद्दा निवडीचा आहे. विमानात जागांपेक्षा प्रवासी जास्त झाले, तर स्वखुशीने मागे राहायला कोणी तयार आहे का, असे आधी विचारण्याचे बंधन आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपन्यांवर घातलेले आहे. माणसांना विचारता येते, तर बॅगांबद्दलही विचारता येईल. चेक-इनच्या रांगेत आम्हाला कोणी विचारले असते की, आज वजनाची अडचण आहे, तुमची कोणती बॅग उद्याच्या विमानाने आली तर चालेल, तर मसाल्यांची आणि डब्यांची बॅग आम्ही आनंदाने पुढे केली असती. आमच्यासारखी अनेक कुटुंबे तयार झाली असती. कोणाच्या बॅगेत औषधे आहेत, कोणाच्या बॅगेत लग्नाचे कपडे आहेत, हे सामान उतरवणाऱ्याला कळणे शक्य नाही. ते फक्त प्रवाशाला माहीत असते.

बॅग बारशाच्या दुसऱ्या दिवशी आली. तिच्यावर ‘रश’, म्हणजे तातडीचे, असे छापलेला टॅग होता आणि ती दाराबाहेर बर्फात ठेवून माणूस निघून गेला होता. बारशाला बाळ दुकानातून आणलेल्या दुपट्यात होते, आणि यजमान जावयांचा कोट घालून फोटोत उभे आहेत.

भरपाईबद्दल लिहिले पाहिजे, कारण आपल्या वाचकांपैकी अनेकांवर ही वेळ येते. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातील भरपाईविषयीच्या माँट्रियल कराराप्रमाणे, आणि भारत त्यात २००९पासून आहे, बॅग हरवणे, मोडणे वा उशिरा येणे यासाठी कंपनीची जबाबदारी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबी एककात प्रतिप्रवासी १,५१९ पर्यंत आहे. डिसेंबर २०२४च्या अखेरीस ही मर्यादा वाढली. ती साधारण दोन हजार डॉलर होते. ही कमाल मर्यादा आहे, आपोआप मिळणारी रक्कम नव्हे. बॅग उशिरा मिळाली तर ती हाती आल्यापासून २१ दिवसांत आणि मोडलेली मिळाली तर ७ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. विमानतळ सोडण्यापूर्वी काउंटरवर नोंद करून तिचा क्रमांक घ्यावा लागतो. आम्ही हे सर्व केले. त्यानंतर कंपनीकडून आलेल्या अर्जात प्रत्येक वस्तूची किंमत आणि पावती मागितली होती. नव्या कपड्यांच्या पावत्या दिल्या, त्यांचे पैसे काही महिन्यांनी अर्धेमुर्धे मिळाले. गोधडी परत आली हे खरे, पण ज्या दिवसासाठी ती शिवली होती तो दिवस निघून गेला, आणि त्यासाठी अर्जात रकाना नाही.

आपल्या नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्यूरोने फेब्रुवारी २०२४मध्ये कंपन्यांना सूचना दिली की, विमान उतरल्यावर शेवटची बॅग तीस मिनिटांत पट्ट्यावर आली पाहिजे. ती चांगली सूचना आहे. त्याच धर्तीवर, मागे ठेवलेल्या बॅगेची माहिती प्रवाशाला विमान सुटल्यापासून तासाभरात द्यावी, असा आदेश महासंचालनालयाने काढावा, अशी माझी मागणी आहे.

जाता जाता पुरवणीतील छायाचित्राबद्दलही लिहिते. त्यात पलंगासारखे आसन आणि पांढरी चादर आहे. आपले बहुसंख्य वाचक इकॉनॉमी वर्गाच्या दाटीच्या रांगांत बसून जातात. पाय सुजू नयेत, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून उठून चालावे, असे डॉक्टर सांगतात, आणि या विमानांत उभे राहायला स्वच्छतागृहासमोरची चिंचोळी जागाच मिळते. त्या जागेचेही एक छायाचित्र छापावे.

या विषयावर आपण पुन्हा लिहिणार असालच. तेव्हा आपल्या प्रतिनिधीने प्रत्येक विमान कंपनीला, ती आपल्याकडची असो वा परदेशी, हा प्रश्न लेखी विचारावा: मागे ठेवलेल्या बॅगांची यादी तुमच्याकडे किती वाजता तयार होते आणि प्रवाशांना ती किती वाजता मिळते? आलेली उत्तरे जशीच्या तशी छापावीत, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, डोंबिवली (पूर्व)