आई-बाबा, पावती अजून भरलेली नाही

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर मी 'गाडीला जरा घासलं' म्हणाले होते ना, ते खोटं होतं. घासलं नव्हतं, मी एका गाडीला मागून ठोकलं. मला काही झालेलं नाही. सीटबेल्ट लावलेला होता, त्याचा खांद्यावर वळ उठला होता, तोही आता गेला. आई, तू इथपर्यंत वाचून फोनकडे धावशील, म्हणून सांगते, आधी सगळं वाच.

रस्ता सरळ, कोरडा, उजेड भरपूर. पुढे एक गाडी होती आणि मी बाबांच्या हिशोबाने अंतर ठेवून होते. पुढची गाडी खांबापाशी गेली की 'एक हजार एक, एक हजार दोन' म्हणायचं, ते म्हणून व्हायच्या आत आपण खांबाशी पोचलो तर फार चिकटलोय. पाऊस असेल तर दुप्पट मोजायचं. ती सवय अजून आहे. पण मोकळी जागा दिसली की ती कुणीतरी भरतंच. शेजारच्या लेनमधली गाडी त्या जागेत घुसली आणि घुसताच तिने करकचून ब्रेक दाबला. मी जाऊन आदळले.

पोलीस नंतर आले. त्यांनी धडक पाहिलेली नव्हती. दोन्ही गाड्या बघितल्या, दोघींचं ऐकलं आणि 'सुरक्षित अंतर ठेवलं नाही' म्हणून माझ्या नावाने पावती फाडली. जे अंतर ठेवलं म्हणून ती गाडी आत शिरली, तेच न ठेवल्याचा दंड! मागून धडकणाऱ्याचीच चूक, असं बहुतेक ठिकाणी आधी धरून चालतात. त्यात मीही भर घातली. गाडीतून उतरल्यावर माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते 'सॉरी, चुकलं माझं.' बाबा, हे तुमचे संस्कार. धक्का कुणाचा कुणाला लागला हे बघायच्या आधी सॉरी. त्या बाई थरथरत होत्या, त्यांना पाणी देताना मी ते आणखी दोनदा म्हणाले. अहवालात ते जसंच्या तसं उतरलंय.

तुमचं म्हणणं मला न विचारता कळतं. बाबा म्हणणार, भरून टाक, कोर्टाची पायरी नको. आई म्हणणार, चूक नसताना एक पैसाही द्यायचा नाही. पंधरा दिवस तुम्ही दोघं माझ्या डोक्यात भांडताय.

दंडाच्या रकमेचं मला काही वाटत नाही. पण बहुतेक ठिकाणी तो भरणं म्हणजे चूक कबूल करणं. मग लायसन्सवर नोंद होते, विम्याचा हप्ता चढतो. शिवाय त्या बाईंची मान दुखतेय. मागून धक्का बसला की मानेला हिसका बसतो आणि दुखणं कधी कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतं, तेव्हा त्या सोंग करतायत असं मी म्हणणार नाही. पण त्यांनी भरपाई मागितली तर माझी भरलेली पावती त्यांच्या वकिलाच्या फाइलमध्ये सगळ्यात वर असेल. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत 'गुन्हा कबूल नाही, पण शिक्षेला हरकत नाही' असं सांगायची सोय आहे. इथे तसं काही जमेल का, असं मी आमच्या वकिलांना विचारलं, तर ते नुसते हसले. त्यांनी आणखी एक सांगितलं: पावती रद्द झाली तरी विमा कंपनी कुणाची किती चूक हे आपलं आपण ठरवते. तेव्हा जिंकले म्हणून सुटले, असंही नाही.

आता खरी अडचण. माझ्या गाडीत पुढे कॅमेरा आहे. जुनं चित्रण पुसून तो नवं भरत जातो, म्हणून त्याच रात्री कार्ड काढून ठेवलं. सेकंदाला तीस फ्रेम. त्या गाडीचं चाक लेनची रेघ ओलांडतं तिथपासून धडकेपर्यंत मी मोजल्या, बेचाळीस भरल्या. म्हणजे 1.4 सेकंद. असं अचानक काही समोर आलं की डोळ्यांनी बघून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एक ते दीड सेकंद जातो. माझी बाजू पक्की, असं म्हणून मी उठणार होते. तेवढ्यात चित्राच्या कोपऱ्यात लक्ष गेलं. वेग 58. तिथली मर्यादा 50.

मग तोही हिशोब केला. 1.4 सेकंदात 58 ने साडेबावीस मीटर जातात, 50 ने साडेएकोणीस. तीन मीटरने धडक टळली असती असं मला वाटत नाही. पण आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. 50 वर जी असते, तिच्यापेक्षा 58 वर जवळपास 35 टक्के जास्त. त्या बाईंच्या मानेचं कोडं मला इथे झोपू देत नाही.

वकील म्हणाले, क्लिप दाखवायची तर सगळी, नाहीतर अजिबात नाही. कापलेली क्लिप पकडली गेली तर तुमच्या एकाही शब्दावर विश्वास बसणार नाही. आणि शपथेवर जे बोलाल ते पुढे भरपाईच्या दाव्यातही वाचून दाखवता येईल. हेही खरं की बऱ्याच गाड्यांत एअरबॅगच्या यंत्रात शेवटच्या पाचेक सेकंदांचा वेग आणि ब्रेक साठवलेला असतो. तेव्हा वेग लपवून लपेलच असं नाही. पण तो लपवायचा नाही, हे मी त्याआधीच ठरवलं होतं.

तर मी पावती भरत नाहीये. लढणार आहे, पूर्ण क्लिप घेऊन. अंतर मी ठेवलं होतं, एवढंच सांगायचं आहे. वेगाबद्दल वेगळा दंड लावला तर तो तिथल्या तिथे भरीन, त्यावर वाद नाही. बाबा, तुम्हाला हे पटणार नाही. निदान तारीख होईपर्यंत रोज फोन करून 'अजून वेळ गेलेली नाही' म्हणू नका. आणि आईला देव पाण्यात घालून बसू देऊ नका.

कोर्टात उभी राहिले की सॉरी म्हणायचं नाही, असं वकिलांनी तीनदा बजावलंय. मी त्यांना म्हटलं, सॉरी, लक्षात ठेवीन.

तुमची लेक