मित्रास पत्र: झोपेच्या तपासणीला खर्च किती?

सोलापूर,
रविवार

प्रिय सुधीर,

काकांच्या स्लीप स्टडीसाठी, म्हणजे झोपेत श्वास थांबतो का हे बघणाऱ्या तपासणीसाठी, तू तीन ठिकाणी फोन केलास. एकाने सहा हजार सांगितले, दुसऱ्याने पंधरा, तिसरा म्हणाला फुकट करून देतो. यात कुणी खोटं बोललेलं नाही. तिघांनी तीन वेगळ्या गोष्टींचे भाव सांगितलेत. म्हणून पैशांआधी विचारायचं ते हे, की तपासणी कुठल्या लेव्हलची?

लेव्हल १ म्हणजे रात्रभर दवाखान्यात झोपायचं. डोक्याला, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला आणि पायांना इलेक्ट्रोड, छातीला आणि पोटाला पट्टा, नाकाशी बारीक नळी, बोटाला ऑक्सिमीटर, आणि शेजारच्या खोलीत रात्रभर जागा असलेला तंत्रज्ञ. लेव्हल ३ घरी होते. त्यात नाकातली हवा, श्वासाचे पट्टे, ऑक्सिजन, नाडी आणि कुशीची दिशा एवढंच नोंदतात, मेंदूच्या लहरी नसतात. लेव्हल ४ म्हणजे जवळजवळ नुसता ऑक्सिमीटर. तिच्यावर निदान ठरवून सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, घेऊ नका.

सोलापूरसारख्या शहरात लेव्हल ३ला साधारण ४ ते ८ हजार आणि लेव्हल १ला ९ ते १८ हजार धरून चाल. पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात लेव्हल १ वीस हजारांच्या पुढेही जाते. वर प्रवास आणि सोबतच्या माणसाची राहण्याची सोय. काकांसाठी तेवढ्याकरता पुणं गाठायची मला तरी गरज दिसत नाही.

लेव्हल १ महाग का, तर रात्रपाळीचा माणूस लागतो आणि सकाळनंतरचं काम त्याहून मोठं असतं. नोंद तीस-तीस सेकंदांच्या पानांत बघतात, म्हणजे सात तासांची ८४० पानं. प्रत्येक पानावर झोपेची अवस्था, श्वास थांबला का, ऑक्सिजन किती उतरला, हे माणसाने डोळ्यांनी बघून खूण करायची. स्वस्तातल्या रिपोर्टात हे काम बरेचदा सॉफ्टवेअरवर सोडलेलं असतं आणि तिथेच घोळ होतो, कारण नळी नाकातून निसटली तरी सॉफ्टवेअर तो श्वास थांबल्यात मोजू शकतं. रिपोर्ट हाताने तपासून देणार का आणि खाली डॉक्टरची सही नि नोंदणी क्रमांक असणार का, हे आधीच विचारून घे.

रिपोर्टात एएचआय नावाचा आकडा असतो: तासाला किती वेळा श्वास किमान दहा सेकंद थांबला किंवा उथळ झाला. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३०च्या वर तीव्र. घरच्या तपासणीत मेंदूच्या लहरी नसल्याने माणूस नेमका किती झोपला ते कळत नाही, म्हणून भागाकार यंत्र चालू असलेल्या तासांनी होतो. समज, यंत्र आठ तास चाललं, काका पाचच तास झोपले आणि श्वासाचे ८४ प्रसंग झाले. घरचा रिपोर्ट १०.५ म्हणजे सौम्य दाखवेल. खऱ्या झोपेच्या तासांनी भागलं तर १६.८, म्हणजे मध्यम. त्यामुळे घरची तपासणी नॉर्मल आली आणि दिवसाची पेंग तशीच राहिली, तर तेवढ्यावर गप्प बसायचं नाही, लेव्हल १ करायची.

तरीही काकांना आधी लेव्हल ३च करा असं मी सांगेन, एका अटीवर. झोपेत श्वास थांबण्याचा धोका जोखणारी स्टॉप-बँग नावाची आठ प्रश्नांची यादी आहे. काकांचं घोरणं, टीव्हीसमोरची डुलकी, काकूंनी बघितलेला थांबलेला श्वास, बीपी, पन्नाशीच्या वरचं वय आणि पुरुष असणं, असे सहा गुण तुझ्या पत्रावरूनच भरतात. पाच म्हणजेच धोका जास्त. अशा माणसात घरची तपासणी पुरेशी ठरते. अट त्यांच्या अँजिओप्लास्टीची आहे. तेव्हाचा टू-डी एकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट शोध, नसेल तर नवा काढ. हृदयाचं पंपिंग कमी असेल तर काही रुग्णांत मेंदूकडूनच श्वासाचा हुकूम अडखळतो. तो प्रकार घशाच्या अडथळ्यापासून घरच्या यंत्रावर नीट वेगळा काढता येत नाही. मग सरळ लेव्हल १ला जा, पैसे वाचवायला बघू नकोस.

लेव्हल १ ठरलीच तर 'स्प्लिट नाइट' करता का, हेही विचार. पहिल्या दोन तासांतच आजार तीव्र दिसला तर उरलेल्या रात्री मास्क लावून हवेचा दाब ठरवतात. तसं केलं नाही तर दाबासाठी दुसरी रात्र, आणि तिचं बिल जवळजवळ पहिल्याइतकंच. एका रात्रीचा भाव आणि दाब ठरवण्याचा भाव, दोन्ही लिहून घे. नोंद चार तासांपेक्षा कमी मिळाली तर तपासणी पुन्हा करायचे वेगळे पैसे घेणार का, हेही त्याच कागदावर येऊ दे.

घरची तपासणी फसते ती बहुतेक वेळा साध्या कारणांनी. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळिसावर जातो. पट्ट्याखाली घाम येतो, माणूस झोपेत ओढून टाकतो. यंत्र बॅटरीवर चालतं, पण लाईट गेली की कूलर बंद पडतो आणि काका उठून बसतात. इन्व्हर्टर असलेल्या खोलीत झोपवा. ऑक्सिमीटरच्या बोटाला नेलपॉलिश किंवा गडद मेंदी नको. नाकाची नळी गालाला चिकटपट्टीने धरायची. लेव्हल १ असेल तर त्या दिवशी डोक्याला तेल अजिबात नको, इलेक्ट्रोड धरत नाहीत. दोन्हींत दुपारची झोप नको, दुपारनंतर चहा नको. बीपीच्या गोळ्या नेहमीप्रमाणे, त्या बंद करायच्या नाहीत.

आता विमा. नुसत्या तपासणीसाठी झालेली भरती बहुतेक पॉलिसींत वगळलेली असते आणि सीपॅप मशीनचे पैसेही बहुतेक मिळत नाहीत. क्लेम होईल या भरवशावर भारीतली खोली घेऊ नका. काकांचा विमाच नसेल तर आयकराच्या जुन्या पद्धतीत साठीच्या पुढच्या माणसाच्या औषधोपचारावर ५० हजारांपर्यंत वजावट मिळते, मात्र पैसे रोख दिलेले चालत नाहीत. काकांच्याच खात्यातून यूपीआयने दे, बिल काकांच्या नावाचं घे. आणि खासगीत जायच्या आधी सिव्हिलच्या छातीविकार ओपीडीत एकदा दाखवाच. केसपेपरला फार पैसे लागत नाहीत आणि मशीन विकण्यात तिथल्या डॉक्टरचा फायदा नसतो.

त्यावरून तो फुकटवाला. तो मशीन विकणारा असणार. तपासणीचे पैसे तो मशीनमध्ये धरतो. ऑटो सीपॅप (दाब आपोआप कमीजास्त करणारं) साधारण ३५ ते ७० हजार, मास्क वेगळा ३ ते ८ हजार, आणि मास्कची गादी झिजली की ती बदलावी लागते. खरा खर्च इथे आहे, तपासणी त्यातला लहान भाग. म्हणून तपासणी करणारा आणि मशीन विकणारा वेगळा असू दे. मशीन घेण्याआधी ते महिनाभर भाड्याने लावून बघा. किती तास वापरलं आणि किती हवा गळली हे मशीनमध्येच नोंदलं जातं, तेवढं बघून डॉक्टर दाब ठरवतील. काका मिशी ठेवतात, म्हणून मास्क तिथेच घालून, आडवं झोपून, हवा गळते का ते बघूनच निवडायचा.

आधी काकूंना सांग, काका उताणे झोपलेले असताना मोबाईलवर पाच मिनिटांचा व्हिडिओ काढा, आवाजासकट. डॉक्टरांना तो दाखवायचा. एकोचा रिपोर्ट सापडला की फोटो मला पाठव, लेव्हल १ की ३ ते त्याच दिवशी कळवतो.

काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
विजय