तात्यांची विंचेस्टर

आंजर्ले, 24 मे

प्रिय विन्या,

तात्या गेल्यावर तुझे फोन येऊन गेले, मी एकही उचलला नाही आणि उलटही केला नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. इकडे सगळे ठीक. माझी साखर आहे तिथेच आहे, आईचा गुडघाही.

तात्यांच्या विंचेस्टर बंदुकीबद्दल लिहायचंय. घरात कोणाशी बोलण्यात अर्थ नाही. सुमन म्हणते, एकदाची ती अवदसा दर्यात टाका. तूच एक असा आहेस की ज्याने तात्या झोपले की माळ्यावर चढून तिचा लिव्हर ओढलाय.

तात्यांचा परवाना तात्यांबरोबर संपला. अशा वेळी हत्यार उशीर न लावता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं. दर निवडणुकीला ती ठाण्यात जाऊन यायची आणि परत आली की तात्या ओटीवर बसून पुसत राहायचे, जेवायला हाका माराव्या लागायच्या. म्हणून या वेळी विक्रेत्याकडे ठेवली. पावती घेतली.

तिथेच काउंटरवर रवीच्या ओळखीचे एक गृहस्थ तिला बघायला आले. बेळगावकडचे, जुन्या हत्यारांचा नाद असलेले, बोलणं अगदी मोजकं. रिकामी आहे याची खात्री करून त्यांनी लिव्हर खाली ओढला, उघड्या फटीत पांढऱ्या कागदाचा कपटा धरला आणि तोंडाकडून नळीत पाहिलं. या बंदुकीला मागून आरपार बघताच येत नाही. नळीतले आटे शाबूत आहेत, पण मध्ये देवीच्या वणांसारखे खड्डे पडलेत. काळ्या दारूची राख पाणी ओढते, त्यात आपली हवा. आजोबांनी बार काढून रात्रभर तशीच ठेवली असणार.

मग त्यांनी दस्ता आणि लोखंड यांच्या सांध्यावरून नख फिरवलं. माझंही बोट धरून फिरवायला लावलं. लाकूड लोखंडापेक्षा केसभर वर लागतं, विन्या! म्हणजे आजवर कोणी दस्त्याला पॉलिश पेपर मारलेला नाही. मारला असता तर लाकूड खाली गेलं असतं. चौकटीच्या कडा धारदार आहेत, नळीवरची न्यू हेवनची, म्हणजे कारखान्याच्या गावाची, अक्षरं स्वच्छ वाचता येतात, म्हणजे घासून चकाकी आणणारा बफही लागलेला नाही. मूळचा निळा रंग फक्त नळी आणि तिच्या खालची काडतुसांची नळी यांच्या खाचेत उरलाय, बाकी सगळी तपकिरी. मला वाटलं, गेली कामातून. ते म्हणाले, हा तपकिरी रंग प्रामाणिक आहे, याला हात लावू नका.

दस्त्यावरची खोच त्यांनी पाहिली. ती जांभ्याच्या चिऱ्यावर तूच पाडलीस, हे मी मरेपर्यंत म्हणणार. आणि आतला पितळेचा ठोकळा, काडतूस वर उचलणारा, तेवढाच का चकाकतो, असं विचारल्यावर मी क्षणाचाही विलंब न लावता तुझं नाव सांगितलं. दिवाळीत समया घासता घासता ब्रासो घेऊन वर गेला होतास. बेळगावकरांनी नुसते डोळे मिटले.

मॉडेल 1873. झाकण सरकतं ती पट्टी चौकटीतूनच कातलेली, म्हणजे तिसऱ्या धाटणीची. हे मॉडेल 1923 पर्यंत निघत होतं, सात लाखांवर बनली, त्यामुळे दुर्मिळ वगैरे काही नाही. आजोबांना गोऱ्या कलेक्टरने बक्षीस दिली, ही कथाही मी मीठमसाला लावून सांगितली. त्यांनी शांतपणे विचारलं, कागद आहे? नळीवर लंडनच्या चाचणीचे छाप आहेत, म्हणजे विलायतेवरून आली एवढं नक्की. बाकी ज्याची त्याची भक्ती. अमेरिकेत वायोमिंगमधल्या कोडीच्या संग्रहालयात कारखान्याच्या नोंदवह्या आहेत, नंबर कळवला तर कुठल्या मापाची, कशा नळीची आणि कधी तयार झाली ते पत्राने कळतं.

आणि घोडं तिथेच अडलं. दस्त्याकडे जाणाऱ्या खालच्या पट्टीवर नंबराच्या आकड्यांनंतर बी हे अक्षर कोरलेलं आहे. तात्यांच्या परवान्यावर नुसते आकडे! कुठल्या जमान्यातल्या कारकुनाने बी गाळला आणि पुढच्या प्रत्येक नूतनीकरणात तो तसाच गळत आला. आता वारस म्हणून मी अर्ज केला तर कागदावरची बंदूक आणि काउंटरवरची बंदूक एकच, हे मला पटवून द्यायचं आहे.

त्यात विक्रेता महाशय. म्हणाले, साहेब, बफ मारून नवं ब्लूइंग, म्हणजे नवा निळा रंग, करून देतो, कोणाला कळणार नाही. एरवी मोजकं बोलणारा माणूस तिथे कडाडला. मी पावतीवर "जशी आहे तशी ठेवणे" लिहून सही घेतली, तरी जिवाला घोर आहे. पावसाळ्यात धंदा थंड, रिकामे हात, समोर गंजकी बंदूक. तूच सांग.

पण खरी डोकेदुखी संजू. त्याने नेटवर डॉलरमधले भाव बघितले आणि रात्रभर झोपला नाही. त्याला समजावलं, की तिकडे 1898 पर्यंतच्या बंदुकीला त्यांचा केंद्रीय कायदा अँटिक म्हणून सूट देतो, इकडे शंभर वर्षांवरची ऐतिहासिक वस्तू तुला-मला परदेशी पाठवताच येत नाही, 1972 चा कायदा आहे. मग त्याने दुसरी टूम काढली. शस्त्र कायद्याच्या 45 व्या कलमात सूट आहे ती दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्या हत्याराला. तर म्हणे नळीत वेल्डिंग करू, लिव्हर जाम करू, आणि होमस्टेच्या हॉलमध्ये टांगू. खाली दिव्यांची माळ. मेलेली असेल तर घरात ठेवा, जिवंत असेल तर परवाना आणा, असा हा मामला आहे, आणि संजूला मेलेली स्वस्तात पडते.

मला ती उडवायची नाही रे. तिला लागणारी 44-40 मापाची काडतुसं इथे आणणार कुठून? आणि त्याच मापात पुढे 1892 च्या मॉडेलसाठी जी जोरदार काडतुसं निघाली, त्यांच्या खोक्यावरच 1873 मध्ये वापरू नका असं छापलेलं असे. तात्यांनी तरी कुठे उडवली? वांदर आले की लक्ष्मी बार लावायचे आणि बंदूक नुसती खांद्यावर. वांदरांनाही ते माहीत होतं. मला ती आहे तशी हवी. खड्ड्यांसकट, तुझ्या ब्रासोसकट.

अर्जाला बाकीच्या वारसांची, म्हणजे अक्काची आणि संजूची, ना-हरकत लागते. अक्काने दिली. संजू माझं ऐकत नाही, पण तुझं ऐकतो, पोहायला तू शिकवलंस म्हणून असेल. त्याला फोन कर. रागावू नकोस, कलम-बिलम तर अजिबात सांगू नकोस. म्हण, भिंतीसाठी हवी तर दापोलीत लाकडी करून घेऊ, खर्च मन्याचा. मिरगाच्या आत सही झाली पाहिजे, पुढे तो भातात अडकला की गणपतीपर्यंत सापडत नाही.

मुक्ताचं ठरल्याचं रवीकडून कळलं. मुलगा कुठला, तारीख कुठली, काही कळवलं नाहीस. त्या बाबतीत आपण दोघे सारखेच. वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? पेटी पाठवलीय, वरचा थर तयार आहे, खालचा चार दिवस गवतात ठेव. आणि संजूला रात्री आठनंतर लाव, त्याआधी गिऱ्हाइकांच्या जेवणात असतो.

तुझा,
मन्या