चिलटाच्या गुणसूत्रातली ‘पडीक’ जमीन

महोदय,

आपल्या विज्ञान पुरवणीत गेल्या रविवारी जनुकशास्त्रावर लेख आला. एरवी लेख छानच होता, पण गुणसूत्रांचा घट्ट गुंडाळलेला भाग, म्हणजे हेटरोक्रोमॅटिन, हा नुसता कचरा असल्याचं त्यात ठोकून दिलंय. ते मला टोचलं, कारण वर्गात मीही बरीच वर्षं हेच सांगत आलो.

तालुक्याच्या ज्युनियर कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवायचो. प्रयोगाच्या सामानाला कधी पैसे मिळाले नाहीत, पण इकडे त्यांची गरजही नव्हती. अंबिया बहाराची तोडणी सुरू झाली की बागेत गळलेली संत्री सडतात आणि त्यांवर लाल डोळ्यांची बारीक चिलटं घोंघावतात. तीच ड्रोसोफिला. (संत्र्याला डंख मारणारी फळमाशी वेगळी. मिथाईल युजेनॉलचा सापळा तिच्यासाठी असतो. आमचे बागाईतदार मात्र दोघींना एकाच नावानं शिव्या देतात.) बाटलीच्या काचेवर चढलेली जाड अळी घ्यायची, मिठाच्या पाण्यात सुईनं तिच्या लाळग्रंथी ओढून काढायच्या, अ‍ॅसिटो-कार्माइनचा थेंब टाकायचा आणि कव्हरस्लिपवर अंगठा दाबायचा. पट्ट्यापट्ट्यांची लांब गुणसूत्रं दिसत. सगळ्यांचे बुडखे मात्र एका गाठीत अडकलेले.

“सर, हा गठ्ठा कायचा आहे जी?” पोरं हमखास विचारत.

“त्यात काही नाही, पट्टे मोजा,” माझं ठरलेलं उत्तर.

ती गाठ म्हणजेच हेटरोक्रोमॅटिन, पण ती दिसायला फसवी असते. लाळग्रंथीत बाकीच्या गुणसूत्राच्या शेकडो प्रती होतात, गाठीतल्या भागाच्या तशा होत नाहीत. त्यामुळे चिलटाच्या एकूण डीएनएचा जवळपास तिसरा हिस्सा तिथे चिमूटभर दिसतो. त्यातला बराचसा मजकूर तोच तो, पुन्हा पुन्हा आलेला आहे, हे कबूल. शिवाय 1930 साली हर्मन मुलर यांनी दाखवलं होतं की डोळ्याच्या लाल रंगाचं जनुक या भागाजवळ जाऊन पडलं तर काही पेशींत गप्प होतं आणि डोळा ठिपक्याठिपक्यांचा होतो. शेजारच्यालाही गप्प करणाऱ्या जागेत जिवंत जनुक कुठून असणार, असंच कुणालाही वाटेल.

पण 1976 मध्ये आर्थर हिलिकर यांनी दुसऱ्या गुणसूत्राच्या नेमक्या याच भागात अशी अनेक जनुकं शोधली, की त्यांतलं एखादं बिघडलं तरी चिलट जगत नाही. त्यातलंच एक ‘रोल्ड’. पेशीला बाहेरून आलेला निरोप आत पोचवणारं मॅप कायनेज हे प्रथिन ते बनवतं, हे 1994 मध्ये कळलं. त्याच घराण्यातली प्रथिनं तुमच्या-माझ्या पेशींतही तेच काम करतात. वाय गुणसूत्र तर सगळंच हेटरोक्रोमॅटिन. ते नसलेला नर जगतो, पण त्याला पिल्लं होत नाहीत, हे कॅल्विन ब्रिजेस यांनी 1916 सालीच सांगून ठेवलं होतं.

मला सर्वांत गंमत वाटते ती ‘लाइट’ या जनुकाची. गुणसूत्रांची तोडजोड होऊन ते गाठीपासून दूर, मोकळ्या भागात गेलं की त्याचं काम मंदावतं. बार्बरा वाकिमोटो यांनी 1990 मध्ये हे नीट दाखवलं. म्हणजे मुलर यांच्या अगदी उलट! बरडावरचं सीताफळ कुणी काळ्या भारी जमिनीत नेऊन लावलं, तर पाणी साचून त्याची मुळं सडतात. मग आपण बरडाला नावं ठेवायची का?

2000 साली चिलटाचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, वाचून झाल्याची बातमी आली, तेव्हा सुमारे 18 कोटी अक्षरांपैकी 12 कोटीच नीट वाचली गेली होती. उरलेला भाग बव्हंशी हाच होता, त्यातल्या बऱ्याच भागाचं वाचन पुढे 2007 मध्ये छापून आलं. आमच्या गावच्या ई-क्लास (सरकारी चराईच्या) जमिनीलाही सातबाऱ्यावर पाहणारा पडीकच समजतो. गुरं कुठे चरतात, ते गुराख्याला विचारावं लागतं.

पुरवणीत दोन ओळींची दुरुस्ती छापावी, एवढीच विनंती. ‘पट्टे मोजा’ म्हणून मी गप्प केलेली पोरं आज संत्र्याच्या बागा करतात, दोघं-तिघं मास्तरही झाले आहेत. आपला पेपर त्यांच्याकडे येतो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. वरूड, जि. अमरावती