खोल बोअरवेल आणि पुढच्या पिढीचे पाणी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस समाधानकारक झाला की भूजलाचा विषय मागे पडतो आणि उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की पुन्हा वर येतो. हा क्रमच मला धोक्याचा वाटतो, कारण विहिरी भरलेल्या असतानाच उपशावर मर्यादा घालणे शक्य असते. टंचाईत केवळ धावपळ होते.

राज्याचा सुमारे ८० टक्के भूभाग बेसॉल्ट खडकाचा आहे. येथे पाणी मुख्यतः वरच्या मुरमाच्या आणि सच्छिद्र थरांत साठते व पावसाळ्यात भरून येते. खालच्या कठीण पाषाणातील भेगांत असलेले थोडके पाणी मात्र फार संथपणे मुरलेले असते. ज्याच्याकडे पैसा आहे तो पाचशे फूट खोल जाऊन हे पाणी उपसतो, त्याच छिद्रातून अनेकदा वरच्या थरातले पाणीही खाली उतरते आणि शेजारच्या अल्पभूधारकाची उथळ विहीर हिवाळ्यातच तळ गाठते. पुढील पिढ्यांच्या गरजांना बाधा न आणता आजच्या गरजा भागवणे, ही संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाने १९८७ मध्ये केलेली शाश्वत विकासाची व्याख्या आपण वारंवार उद्धृत करतो. परंतु गरिबांच्या अत्यावश्यक गरजांना सर्वाधिक प्राधान्य द्यावे, असेही त्याच अहवालात म्हटले आहे, याचा उल्लेख क्वचितच होतो. खोल बोअरवेलमुळे नातवंडांचा आणि आजच्या गरीब शेजाऱ्याचा, असा दोघांचाही हक्क डावलला जातो.

नेमके किती पाणी उरले आहे हे सिद्ध होईपर्यंत निर्बंध नकोत, असे म्हटले जाते. गंभीर किंवा भरून न येणाऱ्या हानीची शक्यता असेल तर पूर्ण वैज्ञानिक खात्री नसणे ही उपाय लांबणीवर टाकण्याची सबब होऊ शकत नाही, हे सावधगिरीचे तत्त्व १९९२ च्या रिओ परिषदेत मांडले गेले आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते भारतीय कायद्याचा भाग मानले. राज्याच्या २००९ च्या भूजल अधिनियमातही शेती व उद्योगासाठी ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरींना मनाई करण्याची तरतूद आहे. तरीही खोदाईची यंत्रे गावोगाव फिरत आहेत आणि पावसाचे वाहते पाणी अडवण्यासाठी असलेली शेततळी प्लास्टिक अंथरून बोअरच्या पाण्याने भरली जात आहेत. जमिनीखाली सुरक्षित असलेले पाणी उन्हात वाफ होण्यासाठी वर आणणे, तेही काही ठिकाणी सरकारी अनुदानातून, याचे समर्थन कसे करायचे?

हिवरे बाजारने शेतीसाठी बोअरवेल बंद ठेवून आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली. प्रत्येक गाव तसे लगेच करू शकेल असे नाही. पण भूजल सर्वेक्षण यंत्रणा ऑक्टोबरमध्ये निरीक्षण विहिरींची पातळी मोजतेच. ते आकडे रब्बीच्या पेरणीपूर्वी ग्रामसभेत वाचून दाखवावेत आणि बोअरच्या पाण्याने भरल्या जाणाऱ्या शेततळ्यांचे अनुदान थांबवावे, एवढी तरी शासनाकडे विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक