विहीर ठेव, शेवटची दोन पानं काढ

प्रिय दोस्ता,

परवा फोनवर तू म्हणालास की तुझी ती विहिरीची भयकथा फाडून टाकतोय, तेव्हा मागे ऑफिसातली माणसं होती म्हणून मी काही बोललो नाही, पण तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाहीये. म्हणून आज जेवणं आटपल्यावर बसलोय लिहायला. फाडू नकोस रे. आधी हे वाच, मग काय करायचं ते कर.

चौघांनी वाचून तुला सांगितलं की ही लव्हक्राफ्टची, म्हणजे त्या जुन्या अमेरिकन भयकथाकाराची, कॉपी आहे, एवढंच ना? अरे, कॉपीवर या प्रकारातली गोष्ट वाईट ठरायला लागली तर अर्धं कपाट रिकामं होईल. त्या माणसाने स्वतःच आपले ते समुद्रतळाचे देव आणि जगात नसलेली पुस्तकं लेखक मित्रांना खुशाल वापरायला दिली होती. त्यांतला रॉबर्ट ब्लॉक तेव्हा पोरसवदा होता, त्याला आपल्या एका गोष्टीत लव्हक्राफ्टसारखाच दिसणारा माणूस मारायचा होता, तर लव्हक्राफ्टने त्याला त्याची चक्क लेखी परवानगी दिली! १९३५ मध्ये ती गोष्ट छापून आली आणि मग लव्हक्राफ्टने लगेच 'द हाँटर ऑफ द डार्क' लिहून त्यात रॉबर्ट ब्लेक नावाच्या लेखकाला मारून परतफेड केली. इतकं प्रेमाचं होतं ते सगळं.

पण तुझ्या वाचकांना जे खटकलं ते खोटं आहे असं मी म्हणत नाहीये. मीसुद्धा गेली दोनतीन वर्षं या धाटणीचं नवीन मिळेल ते वाचतोय आणि बहुतेक वेळा पुस्तक मिटताना जीव हळहळतो, कारण पहिल्याच पानावर ओलसर गाव, दुसऱ्यावर जुनाट ग्रंथ, तिसऱ्यावर ऑक्टोपससारख्या सोंडा वळवळायला लागतात आणि चौथ्यावर निवेदक सांगतो की जे दिसलं ते शब्दांत सांगता येत नाही. लव्हक्राफ्टची विशेषणं उचलली लोकांनी, पण धीर नाही उचलला.

तू त्याची 'द कलर आउट ऑफ स्पेस' परत काढ. १९२७ ची गोष्ट आहे. उल्का पडते एका शेतकऱ्याच्या विहिरीजवळ, प्रोफेसर लोक येतात, तुकडा तोडून नेतात, तो थंडच होत नाही, रोज थोडा थोडा लहान होत जातो आणि एक दिवस ज्या काचेच्या भांड्यात ठेवलेला ते भांडंसुद्धा गायब. मग वर्ष सरकतं. फळं ही एवढाली धरतात, पण तोंडात घालवत नाहीत. वारा नसताना झाडं हलतात. बायकोला वेड लागतं, तिला वरच्या खोलीत कोंडून ठेवतात, आणि तरी ती माणसं त्याच विहिरीचं पाणी पीत राहतात रे! धाकटा मुलगा रात्री कंदील आणि बादली घेऊन पाण्याला जातो तो परत येत नाही. सकाळी विहिरीपाशी काय सापडतं, तर चेपलेला, वितळल्यासारखा लोखंडाचा गोळा, तो कंदील, आणि शेजारी बादलीची वाकलेली कडी आणि पट्ट्या. बस. राक्षस नाही, देव नाही, मंत्र नाही. ते जे काही आलं होतं त्याला त्या घराशी वैरसुद्धा नव्हतं. शेवटी सांगणारा म्हणतो की इथे धरण होणार आहे आणि ते पाणी मी कधी पिणार नाही. मी हे वाचलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता, पुण्यात राहतो, खडकवासल्याचं पाणी पितो, आणि उशाशी भरून ठेवलेला तांब्या मला सकाळपर्यंत तोंडाला लावता आला नाही.

आता हे कुणी बिघडवलं तर त्याच्यावर जीव टाकणाऱ्यानेच. १९३७ मध्ये लव्हक्राफ्ट गेला, अवघा ४६ वर्षांचा. त्याचा लेखक मित्र ऑगस्ट डर्लेथ, त्याने डोनाल्ड वँड्रेईबरोबर १९३९ मध्ये 'आर्कम हाऊस' हे प्रकाशन काढलं ते खास त्याच्या गोष्टी पुस्तकात याव्यात म्हणून, आणि ते उपकार आपण विसरायचे नाहीत. पण स्वतः लिहायला बसल्यावर डर्लेथने चांगले देव विरुद्ध वाईट देव अशी लढाई लावून दिली. मग भीती कसली राहिली? आपल्याला तर देव-दानवांचं युद्ध लहानपणापासून पाठ आहे. लायब्ररीतून नारायण धारपांच्या भयकथा आणून पांघरुणात वाचायचो आठवतंय ना, कितीही काळोख दाटला तरी त्यांचा तो नायक, समर्थ, येणार म्हणून झोप लागायची. ते मला आजही प्रिय आहे, पण तो आधार आहे. लव्हक्राफ्ट वाचताना पहिल्यांदा कळलं की कुणीच येणार नाहीये, आणि जे आलंय त्याला आपण दिसतसुद्धा नाही.

आणि गंमत बघ, याच डर्लेथने सगळ्यात शहाणा सल्लाही दिला. लिव्हरपूलचा रॅमझी कॅम्बेल शाळकरी वयात लव्हक्राफ्टसारख्याच, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये घडणाऱ्या गोष्टी लिहून पाठवत होता, त्याला डर्लेथने सांगितलं की ते सोड, आपल्या इंग्लंडमध्ये आण. त्याने सेव्हर्न नदीकाठी स्वतःची गावं उभी केली आणि १९६४ मध्ये पहिलं पुस्तक आलं तेव्हा पोरगा १८ वर्षांचा होता.

व्हिक्टर लाव्हॅलचं 'द बॅलड ऑफ ब्लॅक टॉम' तर वाचच, २०१६ चं आहे. लव्हक्राफ्ट दोन वर्षं न्यूयॉर्कला राहिला, तिथल्या परक्या, काळ्या-सावळ्या माणसांचा त्याला भयंकर तिटकारा, आणि तो सगळा 'द हॉरर ॲट रेड हूक' मध्ये ओतलाय, वाचवत नाही ती गोष्ट. लाव्हॅल स्वतः काळा, लव्हक्राफ्ट वाचतच मोठा झालेला. त्याने तीच गोष्ट न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या एका काळ्या तरुणाच्या बाजूने लिहिली. त्या तरुणाच्या बापाला पोरगं बाहेर असताना घरात गोळ्या घालतात, हातातली गिटार बंदूक वाटली म्हणून. त्यानंतर त्या पोराला वाटतं की विश्वाला आपली पर्वा नाही हे कसलं भय, माणसाच्या द्वेषापुढे ती बेपर्वाई म्हणजे सुटकाच! मी पुस्तक खाली ठेवून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. पुस्तक त्याने लव्हक्राफ्टलाच अर्पण केलंय, मनातल्या सगळ्या उलटसुलट भावनांसकट. याला कॉपी म्हणशील?

आता तुझ्या गोष्टीकडे येतो. मावशी पहाटे रहाटावर जाते, पोहरा पाण्यात आपटल्याचा आवाज येतो, दोर ओला होतो, आणि वर येतो तो पोहरा कोरडा. ती काही बोलत नाही, पदराला हात पुसते आणि पुन्हा पोहरा सोडते. अरे, हे कुणाची कॉपी आहे सांग मला? हे तुझ्या आजोळचं आहे, त्या रहाटाची कुरकुर मीसुद्धा ऐकलीये. मला वाचताना अंगावर काटा आला आणि तो पुढची पाच पानं तसाच होता. पण मग तू तळघरातली पोथी काढलीस, मांत्रिक आणलास, आणि विहिरीतून तो आठ हातांचा वर आला, तिथे माझी भीती गेली. तुझ्या वाचकांनाही तिथेच लव्हक्राफ्ट दिसला असणार, आधी नाही.

ती शेवटची दोन पानं काढ. बाकी एका शब्दालाही हात लावू नकोस. आणि मला एक कळलं नाही ते लिहून पाठव: त्या पहाटेनंतर मावशी पाणी कुठून भरते? त्याच विहिरीतून ना?

तुझाच,
मी

ता. क. नवीन खर्डा झाला की पोस्टानेच पाठव, मोबाईलवर नको, मला कागदावर वाचायचाय.